कारखाना तोच, मग गाव वेगळे का?

प्रश्न : मी मोशीत राहतो आणि चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. कामानिमित्त नुकतेच जर्मनीत वोल्फ्सबुर्गला जाणे झाले. फोक्सवॅगनचा कारखाना पाहून फारसे नवल वाटले नाही. तसेच रोबो, तशीच लाइन, तशाच सरकत जाणाऱ्या गाड्यांच्या बॉड्या आम्ही चाकणलाही पाहतो. नवल वाटले ते गेटच्या बाहेर. कालव्यावरचा पूल ओलांडला की शहर सुरू होते : झाडी, सायकलींचे वेगळे रस्ते, आल्वार आल्टो या फिनलंडच्या नामवंत वास्तुरचनाकाराने बांधलेले सांस्कृतिक केंद्र आणि त्यात वाचनालय. शिफ्ट सुटल्यावर लाइनवरचा कामगार आणि त्याचा इंजिनिअर एकाच बेकरीत पाव घेताना दिसले. परत आलो त्याच आठवड्यात रात्री चाकणच्या तळेगाव चौकात गाडीत अडकून पडलो होतो. रस्त्याच्या कडेने, चिखलातून, सेकंड शिफ्ट सुटलेली पोरे पाठीला सॅक लावून रांगेने खोलीवर निघाली होती. यंत्र तेच, कामही तेच. मग गाव इतके वेगळे का? आपल्या लोकांना शिस्त नाही, असे सगळे सांगतात. मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. – एक वाचक, मोशी

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. शिस्तीचे कारण लोकांना आवडते, कारण ते एकदा सांगितले की पुढे काही करावे लागत नाही. पण ज्या पोरांना तुम्ही चिखलातून चालताना पाहिलेत, ती आठ तास सेकंदाच्या हिशोबाने काम करून आलेली होती. बोल्ट किती आवळायचा, सेफ्टी शूज कुठे घालायचे, पिवळ्या पट्ट्याच्या आतून कसे चालायचे, हे सगळे ती रोज काटेकोर पाळतात. गेटबाहेर पाऊल टाकल्यावर त्यांचा स्वभाव बदलत नाही. गेटच्या आतल्या वीतभर जागेलाही कोणीतरी जबाबदार असतो. बाहेरच्या जागेला नेमका जबाबदार कोण, हे चाकणमध्ये दहा जणांना विचारले तर दहा उत्तरे मिळतात.

आधी वोल्फ्सबुर्गबद्दल. तिथली टापटीप पाहून ते पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले गाव असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते शंभर वर्षांचेही नाही. १ जुलै १९३८ रोजी हिटलरच्या राजवटीने ते शेतजमिनीवर वसवले, कारण स्वस्त मोटारीचा कारखाना तिथे उभा करायचा होता. पेटर कोलर या तरुण वास्तुरचनाकाराने आराखडा आखला. गावाला धड नावही नव्हते, त्या मोटारीच्याच नावाने ते ओळखले जाई. वोल्फ्सबुर्ग हे नाव जवळच्या जुन्या गढीवरून मे १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर पडले. युद्धाच्या ऐन काळात त्या कारखान्यात राबणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे वेठीला धरून आणलेली होती. पोलंडची, सोव्हिएत संघातली, फ्रान्स-इटलीची, छळछावण्यांतली. हा त्या गावाचा पाया आहे.

त्या मानाने चाकण कितीतरी जुने. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळपास दोन महिने झुंजवले तो संग्रामदुर्ग चाकणमध्येच उभा आहे. कांद्या-बटाट्याची इथली बाजारपेठ मोटारींच्या कितीतरी आधीपासून नावाजलेली. म्हणजे बाजार चालवण्याचा, बाहेरची माणसे सामावून घेण्याचा अनुभव या गावाला नवा नाही. गावगाड्याला, शेतीला, बाजाराला पुरेल एवढी व्यवस्था इथे होती. मग १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला, ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, त्याच वर्षी मर्सिडीज पिंपरीहून चाकणला आली, पाठोपाठ महिंद्र. एकेका कारखान्यामागे सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो कंपन्या.

खरा फरक नगरपालिकेच्या तिजोरीत आहे, असे माझे ठाम मत आहे. जर्मनीत ‘गेवेर्बेश्टॉयर’ नावाचा उद्योग-व्यवसायावरचा कर आहे. नफ्यावर बसणारा हा कर प्रामुख्याने त्या गावच्या नगरपालिकेकडे जातो. थोडा वाटा राज्याला आणि केंद्राला द्यावा लागतो, पण दर किती ठेवायचा हे बऱ्याच अंशी नगरपालिकेच्या हातात असते. एकाच कंपनीचे कारखाने पाच गावांत असले तर कराची वाटणी त्या त्या गावात कंपनीने दिलेल्या पगाराच्या प्रमाणात होते. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका कलमात आहे. ज्या गावात पगार जास्त दिला गेला, त्या गावाचा वाटा मोठा. कामगाराला काय मिळते याच्याशी त्याच्या गावाच्या उत्पन्नाची थेट गाठ बांधलेली आहे. कंपनीने माणसे कमी केली किंवा पगार दाबून ठेवले, तर नगरपालिकेलाही त्याची झळ बसते आणि नगराध्यक्षाला तोंड उघडावे लागते.

श्टुटगार्टजवळचे झिंडेलफिंगेन हे मर्सिडीजचे गाव. भरभराटीच्या काळात तिथे पादचाऱ्यांसाठीचे पांढरे पट्टे रंगवण्याऐवजी इटलीतल्या कारारा संगमरवराचे बसवले गेले. मला त्याचे कौतुक नाही, तो पैसा दुसऱ्या कामी लागायला हवा होता. पण नफा ज्या गावात झाला त्याच गावाच्या रस्त्यावर तो पायाखाली आला, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही.

आता चाकणच्या गाडीचा पैसा कुठे जातो ते पाहू. कंपनीच्या नफ्यावरचा कर दिल्लीला. कर्मचाऱ्यांचा आयकर दिल्लीला. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर, जास्तीत जास्त वर्षाला अडीच हजार रुपये, तो मुंबईला. जीएसटीची रचनाच अशी आहे की माल जिथे खपतो त्या राज्याला कर मिळावा. महाळुंग्यात बनलेली गाडी लखनौत विकली गेली, तर राज्याच्या वाट्याचा कर उत्तर प्रदेशाच्या तिजोरीत पडतो. उद्योगाला जमीन आणि पाणी एमआयडीसी देते, त्याचे पैसे एमआयडीसीकडे जमा होतात. कामगार ज्या गावांत झोपतो, म्हणजे खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे, त्यांच्या हाताशी स्वतःचे म्हणून राहते ते मुख्यतः इमारतींवरच्या पट्टीचे उत्पन्न. केंद्राकडून राज्याला करांचा वाटा परत मिळतो आणि तिथून काही अनुदाने खालीही झिरपतात. पण ती येतात तेव्हा खराबवाडीत किती गाड्यांचे भाग बनले याचा हिशोब कोणी मांडलेला नसतो. लोकसंख्या मोजून येतात, आणि ही लोकसंख्याही कोणत्या सालची, ते पुढे एका वाचकाला दिलेल्या उत्तरात येईलच.

पैशाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे धनी कोण हा प्रश्न. तळेगाव चौकात तुम्ही अडकलात तेव्हा तुमच्या गाडीच्या चार चाकांखाली किती कार्यालये होती ते बघा. पुणे-नाशिक रस्ता राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. त्याला छेदणारा तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता वेगळ्या यंत्रणेकडे. तिथून वळून कारखान्यांकडे जाणारे आतले रस्ते एमआयडीसीचे. चाकण गावातले रस्ते २०१५ मध्ये स्थापन झालेल्या नगरपरिषदेचे, भोवतालच्या गावांतले ग्रामपंचायतींचे. नियोजन पीएमआरडीए या पुणे महानगराच्या प्राधिकरणाकडे. वाहतुकीचे पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, कारण १५ ऑगस्ट २०१८ पासून चाकणचा बंदोबस्त त्यांच्याकडे आला. पोलिसांपुरते चाकण शहर झाले. पाणी, कचरा, सांडपाणी आणि बससेवेपुरते ते अजून गावच आहे. एखादा खड्डा बुजवायचा तर आधी तो कोणाच्या हद्दीत आहे हे ठरवावे लागते, आणि तोवर पाऊस उलटून जातो. २०२५ मध्ये चाकणसाठी स्वतंत्र महापालिकेचा विचार राज्य सरकारच्या पातळीवरून बोलून दाखवला गेला. ती व्हावी असे मलाही वाटते. मात्र जकात गेल्यानंतरच्या काळात जन्मणाऱ्या महापालिकेला पैसा कुठून मिळणार हे आधी ठरायला हवे, नाहीतर पाटी बदलेल आणि चिखल तसाच राहील.

सकाळी सहाच्या सुमाराला महाळुंग्याच्या बाजूला उभे राहून पाहिलेत तर ही हद्द डोळ्यांना दिसते. एमआयडीसीचा रस्ता रुंद, दिव्यांचे खांब सरळ रेषेत, कंपनीच्या कुंपणाआत हिरवळीवर फवारे उडत असतात. कुंपणाला लागूनच गावाची हद्द सुरू होते आणि तिथे पत्र्याच्या, विटांच्या खोल्यांच्या ओळी. एका खोलीत चार-चार, सहा-सहा पोरे. फर्स्ट शिफ्टवाला उठून गेला की नाईटवाला त्याच गादीवर येऊन आडवा होतो. खोल्यांसमोर टँकरच्या पाण्याने भरलेली निळी पिंपे, दारात वाळत घातलेले एकाच रंगाचे शर्ट, प्रत्येकाच्या खिशावर वेगळ्या ठेकेदाराचे नाव. खोल्या बांधणारा बहुधा तोच शेतकरी, ज्याची जमीन कारखान्याला गेली. त्याला दोष देणे सोपे आहे. पण तो जर खोल्या बांधता ना, तर हजारो माणसे उघड्यावर झोपली असती, कारण त्यांच्या घरांची सोय ना एमआयडीसीने केली, ना कंपन्यांनी, ना सरकारने.

तुम्ही पाहिलेल्या बेकरीतल्या दृश्यालाही इतिहास आहे, आणि तो तुमच्या तळेगाव चौकातल्या दृश्यापासून फार लांबचा नाही. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीने इटलीशी कामगार आणण्याचा करार केला. १९६२ पासून दक्षिण इटलीतले हजारो तरुण वोल्फ्सबुर्गला आले. त्यांना ठेवले होते बर्लिनर ब्र्युके भागातल्या लाकडी बराकींत. भोवती कुंपण, दाराशी पहारा, एका खोलीत अनेक जण. गावातले लोक त्यांच्यापासून अंतर राखून असत, आणि ही माणसे चार पैसे कमावून परत जातील असेच सगळ्यांनी धरले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे असंतोषाचा भडका उडाला आणि इटालियन कामगारांनी काम बंद पाडले. आपल्याकडचा कोणताही ठेकेदारी कामगार ती हकीकत ऐकून ओळखीची मान डोलवेल.

हे चित्र बदलले ते हळूहळू, आणि कोणाच्या दयेने बदलले नाही. ‘इगे मेटाल’ ही धातुउद्योगातली बलाढ्य संघटना या परक्या कामगारांना सभासद करून घेऊ लागली. कारखान्यातल्या कामगार मंडळावर इटालियन निवडून येऊ लागले. १९७२ च्या कायद्याने सगळ्याच परदेशी कामगारांना या मंडळाच्या निवडणुकीत उभे राहता येऊ लागले. बराकी गेल्या, घरे आली, बायका-मुले आली, मुले तिथल्या शाळेत शिकली. कंपनीच्या कारभारात राज्याचाही हात आहे. १९६० च्या फोक्सवॅगन कायद्यानुसार कंपनी भागधारकांची झाली, तरी लोअर सॅक्सनी राज्याने आपला वाटा राखला, आणि आजही मतांचा पाचवा हिस्सा त्या राज्याकडे आहे. कारखाना हलवायचा म्हटले तर तिथे कामगारांचे प्रतिनिधी आणि राज्य सरकार एकाच टेबलाशी बसलेले असतात.

तरीही वोल्फ्सबुर्गला डोक्यावर घेऊ नका. सगळे गाव एका कंपनीच्या नफ्यावर जगते तेव्हा तिला शिंक आली तरी गावाला ताप चढतो. २०१५ च्या सप्टेंबरात डिझेल गाड्यांच्या धुराचा घोटाळा उघड झाला आणि थोड्याच दिवसांत वोल्फ्सबुर्गच्या नगरपालिकेला खर्चावर बंधन घालावे लागले. २०२४ मध्ये कंपनीने जर्मनीतले कारखाने बंद करण्याची भाषा केली. डिसेंबरात तडजोड झाली ती २०३० पर्यंत पस्तीस हजारांहून अधिक जागा कमी करण्याच्या अटीवर. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे तर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे : १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे ते मोटारनगर १८ जुलै २०१३ रोजी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचले. तळेगावकरांनीही याची छोटी झलक पाहिली आहे. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबवले, आणि तो कारखाना ह्युंदाईकडे जाण्याचा करार व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. मधल्या काळात जी घरे चालली ती कशी चालली, हे त्या घरांनाच माहीत.

प्रश्न : आम्ही निगडी प्राधिकरणात फार वर्षांपासून राहतो. इथे रुंद रस्ते आहेत, बागा आहेत, शाळा आहेत. पिंपरी-चिंचवडला जे जमले ते चाकणला का जमू नये? आणखी एक मनात येते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई ओटास्कीममधून येतात. चालत पंधरा मिनिटांचे अंतर, पण दोन वेगळ्या देशांत राहिल्यासारखे आहे. हे असे का झाले? – एक वाचक, निगडी

उत्तर : पिंपरी-चिंचवडला जमले, कारण तिथे कारखान्यांच्या मागोमाग गावाचाही विचार झाला. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही बांधली गेली, शाळा आणि मैदान धरून. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नव्हती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर नांगराचा कारखाना काढला, तो किर्लोस्करवाडीसकट. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवड-भोसरीत कारखान्यांची रांग लागली, १९७० मध्ये नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, आणि त्याचा घोषित हेतूच मुळी औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे देणे हा होता. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका झाली.

आणि मुख्य म्हणजे जकात होती. शहराच्या हद्दीत वापरासाठी शिरणाऱ्या पोलादावर, यंत्रावर, कच्च्या मालावर महापालिका कर घेई. कारखाने फळफळले की जकात नाक्यावरचा गल्ला वाढे. आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका, असे लोक अभिमानाने म्हणत, ते या जकातीच्या जोरावर. तुमचे रुंद रस्ते आणि उड्डाणपूल त्याच पैशातले. जर्मनीतल्या त्या कराशी नाते सांगणारी आपल्याकडची जवळची व्यवस्था हीच होती, जरी ती नाक्यावर ट्रक खोळंबवणारी आणि गैरव्यवहाराला वाट देणारी होती. १ एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेकांना माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. महापालिकांना राज्याने जीएसटीपोटी भरपाई ठरवून दिली. चाकणच्या वाट्याला ना जकातीची ती दशके आली, ना तिच्या बदल्यातली भरपाई. कारखाने तेवढेच मोठे, पण ते आले ते तिजोरी बंद झाल्यावर.

ओटास्कीमबद्दलचा तुमचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्राधिकरणाने आखलेले भूखंड चांगले होते, आखीव होते, पण ते लाइनवरच्या हेल्परला परवडले नाहीत. ते घेतले अधिकाऱ्यांनी, बँकेतल्या नोकरदारांनी, सुपरवायझरांनी, पुढे गुंतवणूक म्हणून ज्याला जमेल त्याने. ज्याच्यासाठी योजना काढली तो झोपडीत राहिला. अशा झोपडीवासीयांना वसवायचे म्हणून नंतर बांधीव ओटे देण्यात आले, वरचे घर ज्याचे त्याने उभारायचे. त्या ओट्यांवर लोकांनी भिंती चढवल्या, पत्रे टाकले, पोटमाळे काढले. तुमच्या घरी येणाऱ्या ताईंची आई किंवा सासू कदाचित त्या पहिल्या ओट्यांवर चूल मांडणाऱ्यांपैकी असेल. शहराने त्यांना जमीन दिली ती जोत्याएवढी. बाकीचे शहर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले, आणि त्याबद्दल त्यांना कोणी शहर घडवणारे म्हणत नाही.

प्राधिकरणाच्या आखीवपणाची किंमत आणखी एका वर्गाने मोजली. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी सत्तरच्या दशकात घेतल्या, त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांचा साडेबारा टक्के जमीन परताव्याचा प्रश्न पुढची कित्येक वर्षे भिजत पडला. जून २०२१ मध्ये प्राधिकरण पीएमआरडीएत विलीन झाले, तरी तो चर्चेत होताच. आणि पाणी. तुमच्या नळाला येणारे पाणी पवनेचे. ते धरणातून थेट बंद जलवाहिनीने शहरात आणायचे ठरले, तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले. नदीतून पाणी वाहत गेले तर वाटेतल्या विहिरी-पंपांना ते मिळते. नळीतून गेले तर मिळत नाही, एवढे साधे गणित होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्यांत एक बाई होती. शहराच्या पाण्याबद्दल बोलताना हा दिवस विसरून बोलणे मला तरी जमत नाही.

अगदी अलीकडचे सांगायचे तर फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीतल्या कुदळवाडीत महापालिकेने हजारो अनधिकृत पत्राशेड आणि भंगाराची गोदामे पाडली. तिथे आगी लागत, प्रदूषण होते, हे सगळे खरे. पण कारखान्यांचा भंगारमाल वर्षानुवर्षे तिथेच जाई, आणि तो निवडणारे हात शहराच्या कोणत्याच आराखड्यात नव्हते.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातला. आयटीआय करून चाकणला आलो. तीन कंपन्या झाल्या, सगळीकडे ठेकेदाराकडूनच लागलो. चौघे मिळून खोली घेतली आहे. पाण्याबद्दल गावात विचारायला गेलो तर, ‘तुम्ही इथले नाही,’ असे उत्तर मिळाले. काम इथे, झोप इथे, भाडे इथे. आम्ही इथले कधी होणार? – एक वाचक, चाकण परिसर

उत्तर : तुमच्या पत्रातला प्रश्न पहिल्या दोन्ही पत्रांपेक्षा थेट आहे, म्हणून उत्तरही थेट देतो.

कायद्याच्या नजरेत तुम्ही कुठे बसता ते आधी पाहा. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला, पण तो राज्याची सीमा ओलांडून येणाऱ्यांसाठी. नव्या कामगार संहितेतली व्याख्याही आंतरराज्य स्थलांतरिताचीच आहे. ओडिशाचा तुमचा रूम पार्टनर त्या व्याख्येत बसू शकतो. तुम्ही नांदेडहून एवढा प्रवास करून आलात तरी राज्य तेच, म्हणून कागदावर तुम्ही स्थलांतरितच नाही. आणि इथे गावात तुम्ही स्थानिकही नाही. या दोन्हींच्या मधल्या फटीत मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरे राहतात.

ठेकेदारीबद्दल १९७० च्या कायद्यापासून एक तत्त्व आहे. ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा यांचेही तसेच. पगाराची पावती, हजेरीचा पुरावा, पीएफचा यूएएन क्रमांक जपून ठेवा, कंपनी बदलली तरी यूएएन तोच राहायला हवा. मात्र तुमच्या राहण्याबद्दल हे तत्त्व काही बोलत नाही. जर्मनीत २०१७ पासून उसन्या कामगाराला एका कंपनीत साधारण अठरा महिन्यांच्या वर तसाच ठेवता येत नाही आणि नऊ महिन्यांनंतर कायम कामगाराइतकाच पगार द्यावा लागतो. कामगार संघटनांशी केलेल्या करारांनी त्याला अपवाद होतात, पण मुळात मुदत आहे. आपल्याकडे तुमच्यासारख्याची तिसरी कंपनी, चौथा ठेकेदार, आणि ‘टेम्पररी’ हा शिक्का तसाच.

आता ‘इथले’ होण्याबद्दल. मतदार यादीत नाव असायला जन्म, जमीन किंवा पंधरा वर्षांचा रहिवास लागत नाही. तुम्ही सर्वसाधारणपणे जिथे राहता तिथले मतदार होऊ शकता. नांदेडकडचे नाव इकडे हलवण्यासाठी अर्ज क्रमांक ८ आहे. अडचण येते ती पत्त्याच्या पुराव्याची, कारण खोलीमालक लेखी भाडेकरार द्यायला कचरतो. पण पुराव्याचा कागद नसेल तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन खात्री करायची तरतूद आहे. बेघर माणसाच्या बाबतीत तर तो रात्री येऊन, माणूस तिथेच झोपतो का, हे पाहतो. तुमच्या खोलीवर कोणी येऊन बघावे एवढे मागण्याचा हक्क तुम्हाला नक्की आहे. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, ती तुमच्या मालकाने दिली असेल. म्हणजे तुम्ही इथे राहता याची नोंद एका सरकारी दप्तरात आधीपासून आहे. ती तुमच्यावर नजर ठेवण्यासाठी झाली. तीच नोंद तुमच्या पाण्यासाठी का धरली जाऊ नये, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. मतदार झालात की ग्रामसभेत बसण्याचा अधिकार आपोआप येतो. रेशनकार्ड गावाकडचे असले तरी धान्य इथल्या दुकानात अंगठा देऊन उचलता येते, तेही पाहा.

शेवटची बाब पैशाची. वित्त आयोगाचा निधी गावांना देताना २०११ ची लोकसंख्या धरली गेली. त्या जनगणनेत चाकण चाळीस हजारांच्या आसपास होते आणि तुम्ही शाळेत होता. त्यानंतर खोल्यांच्या ज्या ओळी उठल्या, त्यांतली माणसे हिशोबात नाहीत. त्यांच्या कचऱ्यासाठी गाडी नाही, गटारासाठी पैसा नाही, आणि सरपंच म्हणतो की एवढ्या लोकांना पुरवू कुठून, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणक येईल तेव्हा खोलीला कुलूप असेल किंवा दार बंद असेल, कारण चौघेही शिफ्टला किंवा झोपेत असतील. घरी आई-वडीलही तुमचे नाव तिकडेच सांगतील, मायेपोटी. त्यांना आधी फोन करून ठेवा आणि तुमची गणना तुम्ही राहता त्या खोलीवर होऊ द्या. दारावर चौघांची नावे आणि मोबाइल क्रमांक लिहिलेला कागद चिकटवा. मालकाला सांगून ठेवा की पूर्ण ओळीत किती माणसे आहेत ते त्याने दडवू नये, कारण त्याच्याच गावाचा निधी त्या आकड्यावर ठरणार आहे.